नमुन्याचा फोटो

सव्वीस वर्षं मी पासपोर्टचे आणि ओळखपत्राचे फोटो काढते आहे आणि माझा एकही फोटो कुठल्या कार्यालयाने परत पाठवलेला नव्हता. लग्नाबिग्नाचे फोटो मी काढत नाही. तिथे लोकांना आहेत त्यापेक्षा बरं दिसायचं असतं आणि ते काही माझ्या हातात नसतं. माझं काम सरळ आहे. मान ताठ, डोळे उघडे, तोंड मिटलेलं, मागे पांढरं आणि चेहऱ्यावर भाव नको. हसू आलं तर फोटो बाद, कपाळाला आठी पडली तरी बाद. मोठी माणसं हे दोन मिनिटांत उरकतात. सरकारी कामाला निघालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर तसेही भाव फारसे उरलेले नसतात.

माझा जीव काढतात ती बाळं. नियम त्यांनाही तोच. ज्यांना एका जागी बसता येत नाही अशा बाळांसाठी आमच्या धंद्यात एक जुनी युक्ती आहे. आईला स्टुलावर बसवायचं, तिच्यावर डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर घालायची, हातांत पांढरे हातमोजे चढवायचे आणि बाळ तिला मांडीवर धरायला लावायचं. फोटोत आई नाहीशी होते, नुसतं बाळ उरतं. अडचण एवढीच की बाळाला हे मुळीच पटत नाही. आत्ता इथे होती ती गेली कुठे? मांडी तिचीच, वासही तिचाच. मग ते मान वळवतं, चादर ओढतं, तोंडात घालतं, शेवटी भोकाड पसरतं. मी खुळखुळा वाजवते, शीळ घालते, कोंबड्यासारखी आरवते. पाऊण तासाने एखादा फोटो पदरात पडतो आणि तोवर माझा घसा बसलेला असतो.

हे सगळं सांगते आहे ते माझ्या भाचीसाठी.

माझं दुकान खाली आणि घर वर. धाकटा भाऊ दूर परदेशात पुलांच्या कामावर असतो. भावजयीला सहावा महिना लागला तेव्हा त्याला जावं लागलं. त्याच्या आधी दोनच महिने तिची आई वारली होती. ती माझ्याकडे राहायला आली, बाळंतपण सुखरूप झालं, मुलगी झाली. मुलीचा चेहरा पहिल्यापासून असा, की जणू आपणच कामावर उशिरा पोचलोय आणि ही हजेरीपट घेऊन बसली आहे. म्हणून आम्ही तिला मॅडम म्हणायला लागलो. मॅडम रडत नसत. भूक लागली तरी थोडंसं कुरकुरून गप्प पडून राहत. येणारं-जाणारं प्रत्येक माणूस म्हणे, "किती गुणाचं बाळ आहे हो." भाऊ चौथ्या महिन्यात पंधरा दिवस येऊन गेला, तोही खूश. जाताना म्हणाला, "पासपोर्टचं बघ ताई. दोघींना लवकर घेऊन जातो."

मॅडम सात महिन्यांच्या झाल्या तेव्हा मी दोघींना खाली आणलं, भावजयीला स्टुलावर बसवून चादर घातली आणि घसा खाकरून आरवायच्या तयारीला लागले. आरवायची वेळच आली नाही. मॅडमनी लेन्सकडे बघितलं. मान ताठ, डोळे उघडे, तोंड मिटलेलं, चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. मी बटण दाबलं आणि काम झालं. एका क्लिकमध्ये. सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं. मी इतकी हरखले की तो फोटो मोठा करून शोकेसमध्ये लावला आणि खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं: नमुना. लोक बाळं घेऊन आले की मी बोट दाखवायची. "हे बघा, असं बसलं पाहिजे."

आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

भावजयीकडे आमचं लक्ष नव्हतं असं नाही, पण तिच्या कामात खोट काढायला जागा नव्हती. दूध वेळेवर, अंघोळ वेळेवर, बाळाचे कपडे घडी करून रचलेले. बाटल्या एकदा धुऊन झाल्या की ती त्या पुन्हा धुवायची आणि मग पुन्हा. फक्त बोलायची नाही. बाळाला पाजताना खिडकीबाहेर बघायची, आणि खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती. चेहरा सुकत चालला होता. मी म्हणायची, दमलीय बिचारी. मग मॅडमना उचलून दुकानात आणायची. "तू पड जरा." एकदा, दोनदा, मग रोज. मला वाटत होतं मी मदत करते आहे. खरं सांगायचं तर मला ते आवडायलाही लागलं होतं. मला मूल नाही. दुपारी गिऱ्हाईक नसताना ते ऊबदार गाठोडं छातीशी धरून बसलं की माझ्या मनात एक विचार डोकावायचा, आणि मी त्याला हाकलून द्यायची नाही.

आणि एक दिवस भावजयच म्हणाली. कपड्यांच्या घड्या घालत, माझ्याकडे न बघता.

"ताई, अर्ज माझ्या एकटीचाच करा. तिला तुमच्याकडेच ठेवा."

"काहीतरी काय बोलतेस?"

"तिला माझी ओळख नाही. तुमच्याकडे ती बरी राहते."

मी तिला चार शब्द सुनावले. पण खाली येताना जिन्यात माझं पाऊल हलकं पडत होतं. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

त्याच आठवड्यात दुकानात एक बाई आल्या. घरोघरी जाऊन बाळांची वाढ तपासणाऱ्या नर्स. त्यांना सगळे सिस्टर म्हणत. त्यांना नव्या ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. मी दिवे लावत होते आणि त्या शोकेससमोर उभ्या राहिल्या त्या राहिल्याच.

"या बाळाच्या मागे चादरीत आई होती का?"

"असतेच."

"कितव्या वेळेला आला हा फोटो?"

"पहिल्या," मी म्हणाले. आता कौतुक होणार म्हणून मी खुर्ची सरकवून दिली.

त्या बसल्या नाहीत. "चादर घातल्यावर ती मागे वळली नाही? आईला शोधलं नाही?"

"नाही. माझी भाची आहे, शहाणी आहे."

"एकदाही नाही?"

मला तो आवाज आवडला नाही. माझ्या घरचं बाळ, माझा फोटो, आणि ही कोण लागून गेली? माझा राग तसाही नाकाच्या शेंड्यावर असतो. मी त्यांना बसवलं आणि त्यांचा फोटो काढला. त्यात डोळे मिटलेले आले. दुसऱ्यातही. तिसऱ्यातही. मी मुद्दाम केलं नव्हतं, पण लक्ष फोटोत नव्हतं हे खरं. कारण त्या विचारत होत्या आणि मी उत्तरं देत होते, आणि प्रत्येक उत्तर तोंडातून बाहेर पडल्यावर मलाच ऐकू येत होतं. रडते का? नाही. आपणहून हसते? क्वचित. आवाज काढते, बाबाबा, दादादा असं काही? नाही. कुणी खोलीतून गेलं तर? पडून राहते. कान तपासले आहेत? हो, ठणठणीत आहेत. वजन? नेमकं पाहिजे तेवढं.

"आणि आई कशी आहे?" त्यांनी विचारलं.

सात महिन्यांत हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता.

आई वरच आहे म्हटल्यावर सिस्टर थेट वर आल्या. जमिनीवर मांडी ठोकून बसल्या आणि बाळाची चौकशी न करता भावजयीला म्हणाल्या, "झोप लागते का तुम्हाला?" भावजयीने हातातलं झबलं घडी करून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "बाळ झोपलं तरी मला लागत नाही." मग हळूहळू एकेक बाहेर आलं. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं. आईची आठवण येते पण रडू येत नाही. बाळाला घेतलं की हातांना कळतं, आत काही कळत नाही. आणि शेवटी, अगदी साध्या आवाजात, "मी नसले तर तिचं बरं होईल."

सिस्टर जराही दचकल्या नाहीत. मी दचकले. त्यांनी सरळ विचारलं, "नसले म्हणजे? जीव द्यायचा विचार येतो?"

भावजयीने मान हलवली. नाही म्हणून नव्हे.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती तेव्हा काय आवराआवर करत होती ते मला त्या क्षणी कळलं. मी जिन्यातून हलक्या पावलांनी उतरले होते.

त्याच दुपारी आम्ही मनाच्या आजारांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्या वयस्कर बाई होत्या, चष्मा गळ्यात अडकवलेला. त्यांनी भावजयीला आधी सांगितलं की हा आजार आहे, बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना होतो, तुम्ही वाईट आई आहात म्हणून झालेला नाही आणि यातून माणसं बरी होतात. गोळ्या दिल्या, दर आठवड्याला यायला सांगितलं. तिला एकटं ठेवायचं नाही, गोळ्या माझ्याकडे राहतील, हे सगळं समोरासमोर ठरलं. भावाला फोन केला. तो इतका रडला की मला त्याला गप्प करावं लागलं.

"आणि बाळ?" मी डॉक्टरांना विचारलं.

"बाळाची काळजी घेणारे तुम्ही सगळे आहातच. पण नुसतं दूध आणि अंघोळ मिळून बाळ मोठं होत नाही." त्यांनी टेबलावर बोटाने टक् केलं आणि थांबल्या. मीही नकळत टक् केलं. "हे असं. बाळ काहीतरी करतं, समोरचं माणूस उत्तर देतं, बाळ पुन्हा करतं. दिवसातून शेकडो वेळा. त्याचा मेंदू यातून घडत असतो. आई आजारी असली की उत्तर येत नाही. बाळ आधी जास्त जोर लावतं. मग कमी. मग सोडून देतं."

"म्हणजे आता काही होणार नाही?"

"असं मी कुठे म्हटलं? उत्तरं यायला लागू देत. बाळं फार चिवट असतात."

दीड महिन्याने, गोळ्यांचा थोडा गुण यायला लागल्यावर, सिस्टरनी माझ्याकडे काम सोपवलं. मायलेकींना समोरासमोर बसवून पाच मिनिटं चित्रण करायचं. दोन कॅमेरे, एक बाळाच्या चेहऱ्यावर, एक आईच्या. आणि नंतर दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावायची, म्हणजे एकाच क्षणी दोघी काय करतात ते दिसेल. "मग त्यातलं एखादं चांगलं शोधून ठेवा," त्या म्हणाल्या. "चुका शोधू नका. त्या तिला तोंडपाठ आहेत."

मी दुकानाचं दार लावून घेतलं. मॅडमना पट्ट्याच्या छोट्या खुर्चीत बसवलं, भावजयीला समोर स्टुलावर. या वेळी चादर नव्हती. मी दोन कॅमेऱ्यांच्या मध्ये, मॅडमपासून हातभर अंतरावर उभी राहिले. पाच मिनिटं काहीही झालं नाही. खरंच काही नाही. भावजय बसून होती. मॅडम छतावरच्या दिव्याकडे बघत होत्या. भावजयीने एकदा "ए बाळा" म्हटलं, आवाज अर्ध्यातच विरला. नंतर तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत होतं, की बघितलंत ना, मी सांगत होते ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते चित्रण संगणकावर घेतलं. माझा आयुष्यभराचा धंदा थांबलेल्या चित्रांचा, हलत्या चित्रांचा मला कंटाळा येतो. म्हणून ते मी माझ्या पद्धतीने बघायला घेतलं, एकेक चित्र पुढे सरकवत. एका सेकंदात पंचवीस चित्रं असतात. पहिल्या मिनिटातली हजारभर चित्रं बघून डोळे चुरचुरायला लागले आणि तेवढ्यात मला ते दिसलं.

मॅडम दिव्याकडे बघत होत्या. मग एका चित्रात त्यांचे डोळे खाली आले. पुढच्या चित्रात आणखी खाली. ते आईच्या चेहऱ्यावर येऊन थांबले. भुवया केसभर वर गेल्या, ओठ किंचित विलग झाले. जीभ पुढे आली. आवाज काढायच्या आधी बाळ जसं तोंड करतं तसं. शेजारच्या चित्रात भावजय जमिनीकडे बघत होती. एक चित्र, दोन, पाच, नऊ. मॅडम थांबून होत्या. मग ओठ मिटले, भुवया खाली आल्या, डोळे पुन्हा दिव्याकडे. एकूण अकरा चित्रं. म्हणजे अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी. त्या खोलीत मी हातभर अंतरावर उभी होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

मी पुढे सरकवत गेले. पुन्हा. थोड्या वेळाने पुन्हा. मी कागद घेतला आणि रेघा मारायला लागले. पाच मिनिटांत चौदा वेळा. चौदा वेळा त्या पोरीने आईकडे बघितलं होतं, आणि प्रत्येक वेळी तितकंच, चोरून, पटकन. जास्त वेळ बघितलं तर जास्त दुखेल हे तिला माहीत असावं. आईला त्रास होऊ नये इतपतच विचारायचं, उत्तर नाही आलं तर दिव्याकडे बघायचं, थोडं थांबायचं, पुन्हा विचारायचं. साडेआठ महिन्यांचं पोर ते. स्वतःचं नाव माहीत नाही, दात नाहीत, आणि कुणी न शिकवता तिने जगायची ही पद्धत शोधून काढली होती. जिला आम्ही गुणी म्हणत होतो, ती दिवसभर एवढं प्रचंड काम करत होती. मी तोंडात बोट घालून बसून राहिले. माणसाच्या चेहऱ्यांवर पोट भरणारी बाई मी. सव्वीस वर्षांत माणसाचा चेहरा मी त्या दुपारी पहिल्यांदा बघितला.

मग माझ्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. मी तिथेच उभी होते. रोज तिला छातीशी धरणारी, तिच्यासाठी आरवायला तयार असलेली मी. पाच मिनिटांत तिने माझ्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. चौदाच्या चौदा वेळा आईकडे.

लागलं मला ते. खोटं कशाला बोलू. थोडा वेळ मी पडदा बंद करून नुसती बसले, डोळे पुसले. मग मनात घर करून बसलेल्या त्या विचाराला दार दाखवलं आणि पुन्हा कामाला लागले, कारण चांगलं काहीतरी शोधायचं होतं आणि ते अजून सापडलं नव्हतं.

सापडलं ते चौथ्या मिनिटात, आधी मी फक्त मॅडमचे डोळे मोजत होते म्हणून नजरेतून सुटलेलं. मॅडमचा पाय खुर्चीतून लोंबत होता. भावजय दुसरीकडेच बघत होती, पण तिचा हात आपणहून पुढे आला आणि बोटांनी ते पाऊल धरलं. हात काम करणारे, त्यांना सवय होती. मॅडमच्या पायाची बोटं पसरली. डोळे आईकडे आले. आणि त्याच वेळी, माहीत नाही का, भावजयीने वर बघितलं. तिच्या भुवया उचलल्या गेल्या. सहा चित्रांनंतर मॅडमच्या भुवया उचलल्या गेल्या. भावजयीच्या ओठांचा कोपरा हलला. चार चित्रांनंतर मॅडमच्या ओठांचा कोपरा हलला. टक् आणि टक्. नंतर भावजयीची मान खाली गेली आणि संपलं. सगळं मिळून एकोणीस चित्रं.

सिस्टर आल्यावर मी भावजयीला खाली बोलावलं. मॅडम तिच्या मांडीवर होत्या. मी ती एकोणीस चित्रं हळू गतीने लावली.

तिने बघितलं. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मग म्हणाली, "पुन्हा लावा."

मी पुन्हा लावलं.

"हे कधी झालं?"

"मंगळवारी दुपारी. तुझ्यासमोर."

"मला कळलं नाही."

"मलाही नाही कळलं. फार लहान आहे ते."

"पुन्हा लावा ताई."

आठ-दहा वेळा लावलं असेल. मी तोंडाला कुलूप घातलं, जे मला सोपं जात नाही. मग भावजय म्हणाली, "ती माझ्याकडे बघतेय."

"चौदा वेळा," मी म्हणाले. "मी रेघा मारल्यात. माझ्याकडे एकदाही नाही."

तिने मांडीवरच्या मुलीकडे खाली बघितलं, जपून, अनोळखी माणसाकडे बघावं तसं. तिच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी टपटप गळायला लागलं. स्वतःची आई वारली तेव्हाही जी रडली नव्हती ती रडली. आणि एक थेंब मॅडमच्या गालावर पडला, तेव्हा मॅडमनी मान वर केली आणि बघत राहिल्या. या वेळी अकरा चित्रं नव्हे. मी मोजायचं विसरले.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. मधे एक गोळी मानवली नाही, बदलावी लागली. दोन आठवडे पुन्हा तीच भिंत, तीच खिडकी. पण आता तिला एक गोष्ट माहीत होती आणि ती मी प्रिंट काढून कपाटाच्या दारावर डकवली होती, एकोणीस चौकोन ओळीने. बाळाला खाली न्यायचं मी बंद केलं. त्याऐवजी मी वर जायची, बाटल्या धुवायची, आणि भावजय पोरीला घेऊन बसायची. बसायची फक्त. मॅडम "अ" म्हणाल्या तर तीही "अ" म्हणायची. पहिल्या दिवशी हे तीन वेळा झालं. संध्याकाळी तिने मला ते तीन बोटं वर करून सांगितलं.

मग मॅडमनी एक दिवस भोकाड पसरलं. भावजय अंघोळीला गेली म्हणून. असा टाहो, की शेजारी धावत आले. मी घाबरून सिस्टरना फोन लावला. तिकडून आधी हसण्याचा आवाज आला. "रडू द्या," त्या म्हणाल्या. "रडलं की कुणीतरी येतं असं तिला आता वाटायला लागलंय. आईला म्हणावं, लवकर बाहेर ये." भावजय डोक्याचा साबण तसाच ठेवून बाहेर आली. पोर तिला अशी बिलगली की दोघी साबणाने माखल्या.

बाबाबा उशिरा आलं, इतर बाळांपेक्षा बरंच. बसणं, रांगणं सगळं थोडं मागेच. सिस्टर दर महिन्याला येऊन तपासत आणि म्हणत, येतंय, लक्ष ठेवू. मी आता घाई करत नाही. मला माहीत आहे की वर काही दिसत नसतं तेव्हाही आत ती पोरगी कामाला जुंपलेली असते.

पंधराव्या महिन्यात पासपोर्टचं पुन्हा निघालं. सहा महिन्यांपेक्षा जुना फोटो कार्यालयात चालत नाही, म्हणजे नवा काढणं आलं. भावजयीने स्वतःच चादर पांघरली, हातमोजे चढवले. मी मॅडमना तिच्या मांडीवर ठेवून कॅमेऱ्यामागे गेले.

लेन्समधून मला मॅडमच्या डोक्याची मागची बाजू दिसली. त्या वळून चादरीकडे बघत होत्या. मी खुळखुळा वाजवला. मॅडमनी चादरीवर थाप मारली. मी शीळ घातली. मॅडमनी दोन्ही मुठींत चादर धरून ओढली, आणि आतून भावजयीचं नाक बाहेर आलं. मॅडम खिदळल्या. पुन्हा चादर घातली, पुन्हा ओढली. मी जिवाच्या आकांताने आरवले. चादरीच्या आत भावजय हसायला लागली आणि तिची मांडी हलायला लागली, त्यावर मॅडम हलायला लागल्या, आणि माझा कॅमेरा हातात होता म्हणून तोही. त्रेसष्ट फोटो काढले. घसा बसला. माझ्या दुकानात कधी कुठल्या बाळाने मला इतकं छळलेलं नव्हतं आणि मला ते संपूच नये असं वाटत होतं.

त्रेसष्टांतला एकच त्यातल्या त्यात समोरून आला होता. मान तिरकी, ओठ मिटलेले पण कोपऱ्यांत हसू दाबून धरलेलं, डोळे लेन्सच्या जरा बाजूला, आत्ता वळू की मग वळू अशा बेतात. तो चालणार नाही हे मला माहीत होतं. माझ्याइतकं ते कुणालाच माहीत नसेल. मी तो अर्जाला जोडला आणि पाठवून दिला.

तीन आठवड्यांनी पाकीट परत आलं. भावाला फोनवर सांगितलं तर तो थक्क झाला. "ताई, तुझा फोटो परत आला?"

"आला," मी म्हणाले. "पुढच्या महिन्यात पुन्हा काढू. तोपर्यंत थांब तू."

शोकेसची काच सरकवून मी जुना फोटो बाहेर काढला आणि फाडायला दोन्ही हातांत धरला. भावजयीने तो माझ्याकडून काढून घेतला. बराच वेळ न्याहाळत राहिली. मग बाळाच्या बगलेखाली बोट ठेवलं. पांढऱ्यावर पांढरं, नीट बघितलं तर हातमोज्याची कड दिसत होती. पकड घट्ट होती.

"नका फाडू ताई," ती म्हणाली. "यात मीपण आहे."

तो वर नेऊन तिने कपाटाच्या दारावर लावला, एकोणीस चौकोनांच्या शेजारी. शोकेसमध्ये मी नवा लावला, आणि "नमुना"ची पट्टी काढून तिथे कार्यालयाची चिठ्ठी डकवली, शिक्क्यासकट. चिठ्ठीत फोटो परत पाठवण्याचं कारण लिहायचा एक रकाना असतो. त्यात कुणा कारकुनाने निळ्या शाईने दोन शब्द लिहिले आहेत. चेहऱ्यावर भाव.